चौऱ्याहत्तर तोफांचं जहाज

खुशालराव बोंड्यांनी समुद्र पाहिला नव्हता, आणि पाहावा असं त्यांना कधी वाटलंही नव्हतं. भातकुलीकडे त्यांची काळीभोर जमीन होती, अमरावतीत राहतं घर होतं, घरात कापसाचे ढीग होते, आणि पोटात एकच दुखणं होतं. त्यांचा साडू रावसाहेब झाला होता.

साडू म्हणजे अकोल्याचे भगवंतराव, बायकोच्या थोरल्या बहिणीचे, दुर्गाबाईंचे यजमान. त्यांनी गुरांच्या दवाखान्याला टिनाची एक छपरी बांधून दिली, दरबारात जरीचा फेटा बांधून दोनदा वाकले, आणि नव्या वर्षाच्या सरकारी किताबांच्या यादीत त्यांचं नाव आलं. तेव्हापासून 'आमचे रावसाहेब' म्हटल्याशिवाय दुर्गाबाईंच्या घशाखाली पाणी उतरत नसे. एका लग्नाच्या पंगतीत त्यांनी कौशल्येला, आपल्या सख्ख्या धाकट्या बहिणीला, दोन पाट खाली सरकून बसायला सांगितलं. कौशल्या सरकली, पोटभर जेवली, आणि घरी आल्यावर नवऱ्याला म्हणाली, "तुमच्यात काई धमक हाय का नाई?"

धमक होती, ती दाखवायची कुठं हे कळत नव्हतं. अमरावतीचे साहेब, जिल्ह्याचे गोरे डेप्युटी कमिशनर, विचित्र निघाले होते. खुशालरावांनी वरुडाहून निवडून आणलेल्या संत्र्यांची डाली बंगल्यावर पाठवली, तर साहेबांनी त्यातलं एक संत्रं ठेवून घेतलं आणि बाकीची दवाखान्यातल्या रोग्यांना वाटायला लावली. असल्या माणसाला खूश करायचं कसं?

वाट दाखवली शेषरावांनी. शेषराव कचेरीत बाबू होते आणि मराठी शाळेत खुशालरावांच्या बाकावर बसलेले. एके दिवशी ते इंग्रजी साप्ताहिकाचं एक पान घडी करून घेऊन आले. पानावर एका जुन्या लढाऊ जहाजाचं चित्र होतं. तीन उंच डोलकाठ्या, फुगलेली शिडं, आणि अंगाला खिडक्यांच्या ओळी. प्रत्येक खिडकीतून तोफेचं तोंड बाहेर.

"साहेबाचा आजा या जहाजावर होता म्हनते," शेषराव म्हणाले. "हेच चित्र बंगल्यात टांगलेलं हाय. रोज सकाळी त्याच्यापुढं उभं राहून चहा पितात. आता साहेब आठ महिन्याच्या रजेवर विलायतेले जाऊन राहिले. परत येतीन तवा असं जहाज कोनी लाकडाचं हुबेहूब बनवून समोर ठेवलं, तर साहेब त्याले गळ्याले लावतीन."

"आनि रावसाहेब?"

"मंग रावसाहेब काय, रायबहाद्दूरबी होईन. फक्त बोलू नका कोठी. एकदम समोर ठेवलं पायजे. आनि माह्यं नाव तं घेऊच नका."

खुशालरावांनी चित्र घेतलं आणि नत्थुजी सुताराला बोलावलं. नत्थुजीनं केलेल्या बैलगाड्या, मालाच्या बंड्या आणि माणसांच्या दमण्या, पार मोर्शीपर्यंत पळत होत्या. त्यानं चित्र उलटंसुलटं करून पाहिलं, कानावरची पेन्सिल काढली आणि म्हणाला, "होऊन जाईन."

मेळघाटातलं सागवान आलं. महिनाभरात ओसरीवर जे उभं राहिलं ते भक्कम होतं, त्याच्याबद्दल वाद नव्हता. दोन चाकं लावली असती तर भातकुलीच्या बाजारात पहिल्याच दिवशी त्याला गिऱ्हाईक मिळालं असतं.

"हे जहाज होय का नत्थुजी?"

"पान्यावर टाकून पाह्यजा. बुडालं तं सांगजा."

त्यात दुसरीच एक अडचण निघाली. चित्रात जहाजाची एकच बाजू दिसत होती. "दुसऱ्या अंगाले काय हाय?" खुशालरावांनी विचारलं.

"तसंच असन."

"असन कसं म्हनता? मानसाले एकाच अंगाले काळीज असते."

नत्थुजीनं थोडा विचार केला. "तं मंग थे अंग भिताडाकडं करून ठेवजा म्हना साहेबाले," तो म्हणाला. मग लग्नसराई जवळ आली, दमण्यांची कामं आली, आणि नत्थुजी जो गेला तो गेलाच. जाताना जुनी पटाशी, एक रंधा आणि एक गिरमिट तेवढं ठेवून गेला.

खुशालरावांनी जन्मात हातानं काही केलेलं नव्हतं. विडासुद्धा कौशल्या करून देत असे. पण साहेबांच्या परत येण्याआधी जहाज व्हायला हवं होतं, आणि दुसऱ्या सुताराला बोलवावं तर गावभर बोभाटा. तेव्हा एका दुपारी त्यांनी ओसरीचं दार लावून घेतलं, धोतराचा काचा मारला आणि पटाशी उचलली. पहिल्याच दिवशी अंगठा कापला. दुसऱ्या दिवशी दुसरा.

मग हळूहळू काहीतरी व्हायला लागलं. त्यांच्या लक्षात आलं की जहाजाला आधी एक कणा लागतो, कण्याला बरगड्या लागतात, आणि बरगड्यांवर पातळ पट्ट्या एकीला एक चिकटवत गेलं की मधूनच, कुणी न सांगता, पोटाला गोलाई येते. ती गोलाई पहिल्यांदा हाताखाली लागली तेव्हा खुशालराव बराच वेळ तिच्यावरून तळवा फिरवत बसले. अशी त्यांनी विकत घेतलेली खिल्लारी जोडीसुद्धा कुरवाळली नव्हती. पहिलं पोट वाकडं झालं, ते त्यांनी स्वतःच फोडलं. दुसरं सरळ झालं.

कौशल्या जेवायला हाका मारी. "आवो, भाकर थंडी होऊन राहिली."

"येतो. फक्त एवढी बरगडी चिकटू दे."

"बरगडी म्हनते!" ती शेजारणीला सांगे. "घरच्या बायकोच्या बरगड्या कदी मोजल्या नाई या मानसानं."

एकदा तिनं सहज विचारलं, "साहेब कवा येनार हाय?" तेव्हा खुशालरावांना आठवायला थोडा वेळ लागला की ती कोणत्या साहेबाबद्दल बोलतेय.

तोफा त्यांनी मातीच्या साच्यात शिसं ओतून केल्या, चित्रातल्या अंगाला सदतीस आणि न दिसणाऱ्या अंगालाही तितक्याच, चौऱ्याहत्तर. डोलकाठ्यांना धामण झाडाचं लवचीक लाकूड आणलं. मागच्या बाजूला, चित्रात होती तशीच, जहाजाच्या नावाची पाटी कोरली. खुशालरावांचं इंग्रजी सहीपुरतं होतं. त्यांनी अक्षरांना चित्रं समजून एकेक अक्षर उतरवलं आणि त्यात पिवळा रंग भरला. अक्षरं सुरेख आली.

अडलं ते दोरावर. डोलकाठ्यांना बांधायला शेकडो दोर लागणार होते, जाड, बारीक, त्याहून बारीक. बाजारातला मिलचा दोरा चकाकत होता, आणि त्याच्या गाठी आपोआप सुटत होत्या. खुशालराव गावभर दोरा शोधत फिरले आणि शेवटी खादीच्या दुकानात पोचले. तिथं चंद्रभान नावाचा एक तरुण कार्यकर्ता बसत असे. कॉलेज सोडून काँग्रेसमध्ये आलेला, दाढी वाढवलेला, आणि प्रत्येक गिऱ्हाइकात मातृभूमीचा एक पुत्र पाहणारा. बोंड्यांसारखा बडा कास्तकार, रावसाहेबांचा साडू, आपण होऊन दुकानात आलेला पाहून तो उभाच राहिला.

"सूत पायजे," खुशालराव म्हणाले. "लय बारीक. आनि पीळ घट्ट."

"भाऊसाहेब, विकतचं सूत कशाला? तुम्ही स्वतः काता!" चंद्रभाननं त्यांच्या हातात टकळी ठेवली.

ते वर्ष तीसचं होतं. अकोल्याकडे दहीहांड्याला खाऱ्या विहिरीच्या पाण्याचं मीठ काढून लोक तुरुंगात जात होते, रोज प्रभातफेऱ्या निघत होत्या, आणि अशा दिवसांत खुशालराव बोंडे आपल्या दारात, भर उजेडात, टकळी फिरवत बसलेले लोकांना दिसायला लागले. उजेडाशिवाय बारीक धागा दिसत नसे, एवढंच कारण होतं. त्यांच्याच वावरातला कापूस, त्यांच्याच हातचं सूत. महिन्या-दोन महिन्यांत त्यांची बोटं अशी बसली की चंद्रभान त्यांचं सूत सभेत वर धरून दाखवू लागला. "मोठमोठे लोक जागे होत आहेत," तो सांगे. दारावरून जाणारी प्रभातफेरी आता खुशालरावांच्या नावाचा जयजयकार करून पुढं जायची. खुशालराव मान खाली घालून पीळ मोजत असायचे.

पोलिसांनाही कान होते. श्रावणात एक दिवस फौजदार चार शिपाई घेऊन झडतीला आले. ओसरीचं दार उघडलं, आणि फौजदार उंबऱ्यातच थांबले. समोर पुरुषभर लांबीचं जहाज, तीन डोलकाठ्या, जाळ्यासारखे ताणलेले दोर. बाजूला टकळी. चुलीशेजारी वितळलेलं शिसं.

"हे शिसं कशाला?"

"तोफायसाठी," खुशालराव खरं तेच बोलले.

एका शिपायानं लिहून घेतलं. फौजदार जहाजाभोवती फिरून मागच्या बाजूला आले, वाकले, आणि पाटीवरची पिवळी अक्षरं त्यांनी मोठ्यानं वाचली. "डिफायन्स." मग खुशालरावांकडे वळून पाहिलं. "याचा अर्थ माहीत आहे?"

"जहाजाचं नाव हाय."

"अवज्ञा! सरकारचा हुकूम धुडकावणं! सगळ्या देशात जे चाललंय ना, तेच तुम्ही सोनेरी अक्षरांत लिहून घरात पूजेला लावलंय!"

"सोनेरी नाई, पिवळा हाय," खुशालराव म्हणाले. "आनि हे म्या मोठ्या साहेबाले भेट द्याले बनवलं."

"साहेबाला? चौऱ्याहत्तर तोफा, वर हे नाव, आणि साहेबाला भेट?" फौजदारांना यात भेटीपेक्षा धमकीचाच वास आला. साहेब विलायतेत होते, त्यांना विचारायची सोय नव्हती. शेषराव होते, पण त्या आठवड्यात ते तापानं फणफणले आणि कुणालाच भेटले नाहीत. जहाज मुद्देमाल म्हणून बंडीत घालून कचेरीत गेलं. त्याच्यामागून शिपायांच्या पहाऱ्यातले खुशालराव "हळू न्या, दोर तुटतीन," असं सांगत चालत गेले. रस्त्यावर जमलेल्या लोकांनी त्यांच्यावर फुलं टाकली.

निरोप मिळताच अकोल्याहून भगवंतराव मोटारीनं आले. मेहुणीच्या घरातून कैदी निघणं रावसाहेबांना परवडणारं नव्हतं. त्यांनी मॅजिस्ट्रेटची गाठ घेतली आणि कोठडीत येऊन खुर्चीवर बसले.

"खुशालराव, सगळं जमवून आनलं. तुमी माफी लिहून द्या. वर्षभर चांगलं वागीन म्हना. जामीन मी राहतो."

"लिहितो," खुशालराव म्हणाले. "कागद आना."

"आनि थे जहाज उद्या कचेरीच्या आवारात जाळून टाकू. तशी अट हाय."

खुशालरावांनी हातात घेतलेला टाक खाली ठेवला.

"जाळाचं कावून?"

"सरकारविरोधी वस्तू हाय थे."

"माफी म्या एक सोडून दहा लिहून देतो. पाया पडतो, जमिनीवर नाक घासतो. जहाज जाळाचं नाई."

"तुमाले रावसाहेब व्हाचं होतं ना?" भगवंतराव आवाज खाली आणून म्हणाले. त्यांना ते ठाऊक होतं तर! "आतासुद्धा होऊ शकते, दोन-चार वर्षांनं. लाकडापायी कावून आपल्या हातानं वाट लावून घेता?"

खुशालरावांनी मनापासून विचार केला. रावसाहेबी डोळ्यांपुढं आणायचा प्रयत्न केला. पण डोळ्यांपुढं आली ती पुढची डोलकाठी. तिच्या माथ्यावरच्या बारीक दोरांना त्यांनी नुकत्याच गाठी मारल्या होत्या, प्रत्येक गाठ श्वास धरून. "नाई जमत, भगवंतराव," ते म्हणाले, आणि स्वतःच्याच आवाजाचं त्यांना नवल वाटलं.

कोर्टात त्यांनी तेवढंच एक वाक्य सांगितलं. जहाज नष्ट होऊ देणार नाही. चंद्रभान मागं बसून टिपून घेत होता. चार दिवसांनी वर्तमानपत्रात ठळक अक्षरांत आलं, 'अवज्ञा नष्ट होऊ देणार नाही! वऱ्हाडच्या सुपुत्राची गर्जना.' गर्जना करणाऱ्याला चांगल्या वर्तनाचा जामीन न दिल्याबद्दल वर्षाची कैद झाली, आणि जहाज मुद्देमालाच्या खोलीत पडून राहिलं.

त्यांना अकोल्याला पाठवलं. रावसाहेब भगवंतराव तिथल्या तुरुंगाचे सरकारनं नेमलेले मानद पाहुणे होते. महिन्यातून एकदा येऊन कैद्यांना काही तक्रार आहे का, असं विचारणं हा त्यांचा मान होता. पहिल्याच फेरीत ते साडूसमोर येऊन उभे राहिले. जेलर जवळ होता, तेव्हा ओळख दाखवता येईना.

"काही तक्रार?"

"नाई," खुशालराव म्हणाले. "दुर्गाबाईले नमस्कार सांगा."

पुढल्या महिन्यापासून भगवंतरावांची प्रकृती दर वेळी नेमकी त्याच दिवशी बिघडायला लागली.

तुरुंगात खुशालरावांना त्रास झाला नाही. खरे सत्याग्रही त्यांना मान देत, त्यांचं ताट आधी वाढत. त्यांनी सुरुवातीला एक-दोघांना खरी हकीकत सांगून पाहिली, पण ते ऐकून लोक म्हणत, केवढा हा नम्रपणा. मग त्यांनी तो नाद सोडला. दुपारी डोळे मिटून पडलं की ते जहाजाच्या मधल्या डोलकाठीपाशी जात आणि राहिलेले दोर मनातल्या मनात बांधत.

मार्चात सरकारशी समझोता झाला आणि सगळ्यांबरोबर तेही सुटले. अमरावतीच्या स्टेशनावर हजारभर माणूस होतं. त्याच संध्याकाळी मैदानावर सत्काराची सभा ठेवलेली. त्याआधी घरी अंघोळ करून खुशालराव ओसरीवर येतात तो शेषराव भिंतीला टेकून उभे.

"मले मारा," शेषराव म्हणाले. "पन आयका. साहेब थंडीत परत आले. मुद्देमालाच्या खोलीत त्याईले थे जहाज दिसलं."

"मंग?"

"खुर्ची मागवली, आनि समोर बसून राहिले. आजाची गोष्ट सांगतली आमाले. डोये पुसले. मंग कोनी बनवलं म्हनून इचारलं."

"तुमी काय सांगतलं?"

शेषरावांनी खाली पाहिलं. "एका कैद्यानं, म्हनलं. माह्यी जीभच उचलली नाई."

खुशालराव रागावले नाहीत. त्यांचा चेहरा उलट उजळला. "आवडलं त्याईले?"

"आवडलं म्हनजे! पिन्शनीवर विलायतेले गेले, तं सोबत घेऊनच गेले. गेल्या महिन्यात. म्या स्वतः खोक्यात भरून देल्लं."

"खोक्यात? एवढं मोठं खोकं कोठी भेटलं?"

"थे तं भेटलं नाई. उंचीनं मावे ना. मंग डोलकाठ्या तेवढ्या..." शेषराव थांबले.

"त्या निघत नाईत, शेषराव. पोटातून खाली कन्यापर्यंत गेल्या हाय त्या."

"कापल्या," शेषराव म्हणाले. "दोर गुंडाळून बाजूले ठेवले. साहेब म्हने, तिकडं कोनी चिकटवून देईन."

सभेत खुशालराव व्यासपीठावर मधल्या खुर्चीत बसले. गळ्यात इतके हार पडले की मान वळेना. चंद्रभाननं पाऊण तास भाषण केलं. एका कास्तकारानं घरात आरमार उभारलं, जुलमी सत्तेला त्या आरमाराची धडकी भरली, आणि शेवटी ते सातासमुद्रापार पळवून न्यावं लागलं, असं त्यानं सांगितलं. तपशिलात पाहिलं तर यात फार खोटं नव्हतं. खुशालरावांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. चंद्रभाननं त्यांच्याकडं हात केला. "पाहा! मातृभूमीचं नाव घेतलं की या नरवीराला अश्रू आवरत नाहीत!"

मग त्यांना दोन शब्द बोलायला उभं केलं.

"बाप्पाहो," खुशालराव म्हणाले, "मी काई देशभक्त नाई. मले रावसाहेब व्हाचं होतं. साहेबाले खूश करा म्हनून म्या थे जहाज बनवलं होतं."

अख्खं मैदान हसून फुटलं. लोकांनी टोप्या उडवल्या. पुढं बसलेले वकील मांडीवर थाप मारून शेजाऱ्याला म्हणाले, "काय टोला हाणला रावसाहेबांना!" खुशालराव हात वर करून "खरंच सांगून राहिलो," असं म्हणाले, तेव्हा हशा दुप्पट झाला. शेवटी ते खाली बसले.

सभा संपल्यावर दोघं दमणीत बसून घरी निघाले. कौशल्येनं सभेत बायकांत बसून सगळं ऐकलं होतं.

"खरं बोलले तुमी," ती म्हणाली.

"लोक हासले."

"मी नाई हासली." तिनं त्यांच्या गळ्यातले हार एकेक करून काढले आणि मांडीवर घेतले. मानेवर सुतळीचे लाल वळ उमटले होते. "रडले कावून पन? साहेबाले तं भेटलं ना."

"डोलकाठ्या कापल्या वो त्याईनं," खुशालराव म्हणाले.

बैल आपल्या चालीनं चालले होते. कौशल्येनं पदराच्या टोकानं त्यांची मान पुसली, आणि गाडीवानाला जरा हळू हाकायला सांगितलं.